गाणे परत येते तेव्हा: व्यावसायिक गीत-परीक्षण सेवांविषयी

स्वतः गाणी लिहिणाऱ्या, त्यांना चाली लावणाऱ्या, पण संगीतव्यवसायात कोणाचीही ओळख नसलेल्या माणसाला आपले गाणे योग्य कानांपर्यंत पोहोचवण्याचे मार्ग फार थोडे असतात. वर्गणी घेऊन गाणी तपासणाऱ्या सेवा हा त्यांपैकी एक. या सेवांची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. ध्वनिमुद्रण कंपन्या, संगीतप्रकाशक आणि चित्रपट, मालिका, जाहिराती यांसाठी गाणी निवडणारे म्युझिक सुपरवायझर आपापल्या गरजा सेवेला कळवतात. सेवा त्या सभासदांपुढे मांडते, सभासद आपले गाणे पाठवतो, आणि व्यवसायात काम केलेला परीक्षक ते ऐकून एक तर मागणी करणाऱ्याकडे धाडतो किंवा लेखी अभिप्राय जोडून परत करतो. मायकेल लास्को यांनी १९९२ साली अमेरिकेत सुरू केलेली ‘टॅक्सी’ ही या पद्धतीने काम करणारी सर्वांत परिचित कंपनी आहे. वार्षिक वर्गणी आणि प्रत्येक गाण्यामागे वेगळे शुल्क ही तिची पद्धत असून, गाण्याचा करार झालाच तर त्यातून ती वाटा घेत नाही. नॅशव्हिल येथे १९६७ साली स्थापन झालेली ‘नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल’ ही गीतकारांची ना-नफा संघटना आहे. तिच्या सभासदांना आपल्या गाण्यांवर अनुभवी गीतकारांकडून अभिप्राय मिळू शकतो. पुढील लेखन मात्र या दोहोंपैकी एकीचेही परीक्षण नाही. मी आणि माझ्यासोबत गाणी लिहिणाऱ्या काहींनी अशा निरनिराळ्या सेवांचे जे अभिप्राय मिळवले, एकमेकांना वाचून दाखवले आणि त्यांवर पुष्कळ वाद घातले, त्यांच्या आधारे या प्रकारच्या सेवेची पारख करण्याचा हा प्रयत्न आहे.

अशा सेवेबद्दल कोणी मत विचारले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचे गाणे घेतले गेले का? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. एका जागेसाठी अनेक गाणी येतात आणि त्यांतली बहुसंख्य परत जातात, हे या व्यवहाराचे मूळ स्वरूपच आहे. म्हणजे बहुतेक सभासदांच्या हाती बहुतेक वेळा पडते ते परत आलेले गाणे आणि त्यासोबतचे टिपण. वर्गणीच्या बदल्यात प्रत्यक्षात मिळणारी वस्तू तीच असेल, तर सेवेचे मूल्यमापनही त्या टिपणावरूनच व्हायला हवे. ते टिपण वाचून पुढचे गाणे अधिक चांगले लिहिता येते का, हा माझ्या मते या सेवेला विचारण्याचा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या एका प्रसंगाची आठवण करून देणे आवश्यक वाटते, कारण नकाराचे दोन प्रकार त्यात फार स्वच्छपणे वेगळे झालेले दिसतात. १९५७ साली स्मोकी रॉबिन्सन हा तरुण आपल्या गायकसमूहासह जॅकी विल्सन या त्या वेळच्या प्रसिद्ध गायकाच्या व्यवस्थापकांपुढे गायला. व्यवस्थापकांनी समूहाला नाकारले. कारण असे, की पुरुषांच्या जोडीला एक स्त्री-गायिका ही त्यांची रचना तेव्हा गाजत असलेल्या ‘द प्लॅटर्स’ या समूहासारखी होती आणि तशाच दुसऱ्या समूहाची त्यांना गरज वाटत नव्हती. विल्सनसाठी गाणी लिहिणारे बेरी गॉर्डी त्या खोलीत उपस्थित होते. ते रॉबिन्सनशी बोलले. रॉबिन्सनच्या वहीत शंभराच्या आसपास गाणी होती. गॉर्डींनी त्यांतली बरीच ऐकली, जवळजवळ सगळीच बाजूला ठेवली, आणि का ठेवली तेही समजावून सांगितले: यमके जुळतात, पण कडव्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही, गाण्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असायला हवा, एकच गोष्ट शेवटपर्यंत पुढे जायला हवी. पुढे गॉर्डींनी मोटाउन ही ध्वनिमुद्रण कंपनी उभारली आणि रॉबिन्सन तिच्या प्रमुख गीतकारांपैकी एक झाला.

व्यवस्थापकांचा नकार त्यांच्या गरजेतून आला होता. त्यात रॉबिन्सनने शिकण्यासारखे फार थोडे होते, कारण त्या दिवशी त्या खोलीत दुसरा समूह नको होता, एवढाच त्याचा अर्थ. गॉर्डींचा नकार रचनेविषयी होता आणि शिकण्यासारखे जे काही होते ते सगळे त्यातच होते. हे दोन्ही नकार एकाच प्रसंगातून मिळाले. पण दोन वेगळ्या माणसांनी ते दिले, म्हणून त्यांची गल्लत झाली नाही. आजच्या परीक्षण सेवांमध्ये हे दोन्ही नकार एकच परीक्षक, एकाच टिपणात, ‘परत’ या एकाच निकालाखाली देतो. या सेवांचा सर्वांत मोठा दोष मला इथे दिसतो, आणि सभासदांच्या मनस्तापाचा मोठा भागही इथूनच निर्माण होतो.

मागणीतून येणारा नकार कसा असतो, हे थोडे सविस्तर पाहू. समजा एखाद्या मालिकेसाठी मध्यम लयीतले, आशादायी भावाचे, स्त्री-स्वरातले गाणे हवे आहे. दृश्यात दोन पात्रांचे संवाद चालू असताना ते मागे वाजणार आहे. अशा जागी शब्दांनी फार लक्ष वेधून घेतलेले चालत नाही. गाण्यात व्यक्तीचे नाव, गावाचे नाव किंवा साल आले, तर ते दृश्यातल्या कथेशी भांडू लागते. शिवाय सुपरवायझरला गाण्याची रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण या दोन्हींचे हक्क एकाच ठिकाणाहून, विनाविलंब मिळायला हवे असतात. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा त्यात चालत नाही, आणि शब्दांशिवायचा इन्स्ट्रुमेंटल ट्रॅक तयार असावा लागतो. आता याच जागेसाठी एखाद्याने संथ लयीतले, वडिलांच्या नावाने सुरू होणारे, अतिशय नेटके गाणे पाठवले, तर ते परत येणार हे उघड आहे. त्या गाण्यात दुरुस्त करण्यासारखे काहीही नाही. उलट, दुरुस्त करायला गेल्यास त्यातली सर्वांत चांगली ओळच खोडली जाण्याचा धोका आहे. अशा वेळी परीक्षकाने ‘गाणे चांगले आहे, पण या मागणीत बसत नाही; लय आणि व्यक्तिनाम ही दोन कारणे’ एवढे लिहिले, तरी ते पूर्ण आणि प्रामाणिक टिपण ठरते. असे टिपण मिळाल्यावर गीतकाराने गाण्याला हात लावू नये, मागणी वाचण्याची आपली रीत तपासावी.

मागणीचा मजकूर वाचणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते शिकण्यासाठी या सेवा फार उपयुक्त आहेत, असे माझे मत झाले आहे. ‘अमक्या गायकाच्या धर्तीवर’ असे मागणीत लिहिलेले असते, तेव्हा त्या गायकाची नक्कल अपेक्षित नसते; त्याच्या गाण्यांची लय, वाद्यमेळ, आवाजाचा पोत आणि ध्वनिमुद्रणाचा काळ यांचा अंदाज द्यायचा असतो. तीन गायकांची नावे दिली असतील, तर त्या तिघांत समान काय आहे ते शोधायचे असते. मागणीत ‘शब्द सर्वांना लागू पडतील असे हवेत’ असे म्हटले असेल, तर तिथे आत्मकथनात्मक गाणे पाठवण्यात अर्थ नाही. एखाद्या सेवेचे सभासदत्व घेऊन काही काळ एकही गाणे न पाठवता नुसत्या मागण्या वाचल्या, तरी आपल्या गाण्यांकडे बाहेरचा माणूस कोणत्या नजरेने पाहतो हे समजू लागते. शालेय किंवा घरगुती वर्तुळात वाहवा मिळवलेल्या गीतकाराला हे दुसरीकडे कुठेही सहसा शिकायला मिळत नाही.

आता रचनेवरच्या अभिप्रायाकडे वळतो, कारण सेवेची खरी किंमत तिथेच वसूल होते.

आम्ही जमवलेल्या टिपणांत सर्वाधिक वेळा आलेला शेरा दुसऱ्या अंतऱ्याविषयी आहे. पहिल्या अंतऱ्यात जे सांगितले, तेच दुसऱ्यात वेगळ्या यमकांनी सांगितले जाते, आणि त्यामुळे मुखडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला नवा अर्थ लाभत नाही, असे परीक्षक पुन्हापुन्हा लिहितात. हा शेरा गॉर्डींनी १९५७ साली दिलेल्या शेऱ्याचाच भाऊबंद आहे. विरहाच्या गाण्यात पहिला अंतरा ‘ती गेली’ असे म्हणतो आणि दुसरा ‘ती गेली, फार वाईट वाटते’ असे म्हणतो. दुसऱ्या अंतऱ्यात काळ पुढे सरकला, जागा बदलली, किंवा बोलणाऱ्याला आधी माहीत नसलेली एखादी गोष्ट कळली, तर मुखड्याचे तेच शब्द वेगळे ऐकू येतात. चांगला परीक्षक केवळ दोष सांगून थांबत नाही, यांपैकी कोणती वाट या गाण्याला साजेल तेही सुचवतो. मात्र ओळ स्वतः लिहून देत नाही. ही मर्यादा पाळणाऱ्या परीक्षकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्याखालोखाल येणारा शेरा म्हणजे शब्द कोणाचेही असू शकतात हा. उदाहरणादाखल या ओळी घ्या:

आठवणींच्या वाटेवरती मन हे माझे हळवे झाले,
दूर निघूनी गेलीस तू अन् डोळ्यांमधुनी पाणी आले.

मात्रा जवळपास जुळतात, चाल बसते, गायला सोप्या आहेत. पण यातला बोलणारा कोण, गेलेली कोण, ती कुठून गेली, मागे काय राहिले, यांपैकी काहीच दिसत नाही. अशा ओळींवर एका परीक्षकाने फक्त एवढेच विचारले होते: ‘या घरात आता तिची कोणती वस्तू उरली आहे?’ त्या एका प्रश्नातून ओळी अशा झाल्या:

दाराआडच्या खुंटीवरती छत्री तुझी तशीच आहे,
ऊन पडून महिना झाला, ओल तिची तशीच आहे.

‘हळवे’, ‘आठवण’, ‘डोळ्यांतले पाणी’ यांपैकी एकही शब्द आता उरलेला नाही, आणि तरीही दुःख आधीपेक्षा अधिक स्पष्ट झाले आहे. अर्थात, वर सांगितलेल्या मालिकेच्या मागणीसाठी छत्री ही अडचण ठरू शकते, कारण दृश्यात पाऊसही नसेल आणि छत्रीही नसेल. रचना म्हणून झालेली सुधारणा आणि मागणी म्हणून असलेली सोय या दोन गोष्टी परस्परांच्या विरुद्ध दिशेला जाऊ शकतात. परीक्षकाने त्या वेगळ्या सांगाव्यात, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच.

सर्वनामांचा घोळ हाही वारंवार दाखवला जाणारा दोष आहे. पहिल्या अंतऱ्यात ‘तू’ म्हणून जिच्याशी बोलणे चालू असते, ती दुसऱ्या अंतऱ्यात ‘ती’ होते, आणि शेवटच्या कडव्यात ‘तुम्ही’ म्हणून सगळ्या जगाला उद्देशून काही सांगितले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात प्रसंग पक्का असल्याने त्याला यात काही खटकत नाही. प्रथमच ऐकणाऱ्याला मात्र खोलीत किती माणसे आहेत हेच कळेनासे होते. घरच्यांना आणि मित्रांना गाण्यामागची हकिकत आधीच ठाऊक असते, म्हणून हा दोष ते दाखवू शकत नाहीत. अनोळखी परीक्षकाचा हा फायदा पैशांत मोजता येण्यासारखा नाही.

शब्द आणि चाल यांच्या मेळाविषयीचे अभिप्राय तुलनेने कमी मिळतात, पण मिळाले तर ते जपून ठेवावेत. अमेरिकेतील बर्कली संगीत महाविद्यालयात अनेक वर्षे गीतलेखन शिकवणारे पॅट पॅटिसन यांच्या शिकवणीचा मोठा भाग याच मेळावर आधारलेला आहे: शब्दांचा आशय, ओळींची लांबी, यमकांची ठेवण, चाल आणि लय या सगळ्यांनी मिळून एकच भाव पोहोचवायला हवा. मराठीत गाणी लिहिणाऱ्याला हे लघु-गुरूंच्या अंगाने लगेच पटते. ‘तुला’ या शब्दातला ऱ्हस्व ‘तु’ जर चालीने लांबवला आणि ‘ला’ झटक्यात संपवला, तर शब्द कानाला मोडलेला वाटतो, आणि गायक कितीही चांगला असला तरी ती मोड झाकली जात नाही. दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. ओळ प्रश्न विचारणारी असते, पण तिची चाल षड्जावर (सा) येऊन पूर्णपणे विसावते. त्यामुळे प्रश्न ऐकू न येता निर्णय ऐकू येतो. हीच ओळ पंचमावर (प) किंवा निषादावर (नी) सोडली, तर शब्द न बदलता प्रश्न प्रश्नासारखा ऐकू येतो. एका परीक्षकाने गाणाऱ्याची भाषा कळत नसतानाही केवळ सोबत जोडलेल्या अर्थाच्या आधारे हे दाखवून दिले होते. लघु-गुरूंचा दोष मात्र परक्या भाषेच्या परीक्षकाला दिसणे कठीणच आहे. तेव्हा अशा सेवेकडून बांधणी, कथन, लय आणि स्वररचना यांविषयी जे मिळेल ते घ्यावे, आणि शब्दांच्या उच्चाराविषयी आपल्या भाषेच्या जाणकाराकडे जावे, हे बरे.

मुखडा किती वेळाने येतो, यावरही पुष्कळ शेरे असतात. लांब प्रास्ताविक वाद्यसंगीत, त्यानंतर दोन कडव्यांइतका अंतरा, आणि मग हुकलाइन, म्हणजे मनात रुतून बसणारी मुख्य ओळ, अशी रचना असेल, तर परीक्षक जवळजवळ हटकून आक्षेप घेतो. काही गीतकारांना हा आक्षेप घाईचा वाटतो. मला तो समर्थनीय वाटतो, कारण पुढे ज्याच्याकडे गाणे जायचे आहे तो माणूसही एका बैठकीत बरीच गाणी ऐकतो आणि सुरुवातीच्या थोड्या वेळातच पुढे ऐकायचे की नाही ते ठरवतो. मोटाउन कंपनीत दर शुक्रवारी होणाऱ्या गुणवत्ता-नियंत्रण बैठकांमध्ये स्वतःच्या कंपनीचीच नवी ध्वनिमुद्रणे वाजवून त्यांवर मतदान होई. जवळ शेवटचा एक डॉलर उरला असेल तर हे गाणे विकत घ्याल की सँडविच, असा गॉर्डींचा प्रश्न असे. त्या खोलीत बसलेले सगळे एकमेकांचे सहकारी होते, आणि तरीही गाणी नाकारली जात. घरच्या माणसांनी इतक्या निष्ठुरपणे ऐकण्याची सोय ज्यांना उपलब्ध नाही, अशांसाठी वर्गणीची सेवा हा त्या बैठकीचा दूरचा पर्याय आहे.

नकाराचा विषय निघाला की आणखी एक गोष्ट हमखास सांगितली जाते: १ जानेवारी १९६२ रोजी लंडनमध्ये डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीने बीटल्स या गायकसमूहाची चाचणी घेतली आणि त्यांना घेतले नाही. नकार देणारे नेहमीच चुकतात, असा धीर या गोष्टीतून दिला जातो. मला हा धीर अपायकारक वाटतो. त्या चाचणीत सादर झालेल्या १५ गाण्यांपैकी लेनन आणि मॅकार्टनी यांची स्वतःची केवळ ३ होती. म्हणजे गीतकार म्हणून त्यांच्याविषयी काही ठरवावे इतके त्या दिवशी डेक्कापुढे आलेच नव्हते. गीतकाराने लक्षात ठेवावी अशी घटना त्याच वर्षी नंतर घडली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांचे एक संथ गाणे ऐकले, ते कंटाळवाणे आहे असे मत दिले आणि लय वाढवायला सांगितले. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते जलद लयीत ध्वनिमुद्रित झाले, आणि १९६३ च्या सुरुवातीला ब्रिटनमधील बहुतेक विक्री-याद्यांत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. शब्द, चाल आणि गायक तेच होते; बदलली ती मुख्यतः लय. नेमक्या शेऱ्याने काय साधू शकते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नेमकेपणा हाच कस लावला, तर या सेवांचे काम एकसारखे उतरत नाही. काही टिपणांत लय, बांधणी, शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण अशी ठरावीक घरे असतात, त्यांत अंक भरलेले असतात आणि खाली दोन ओळी लिहिलेल्या असतात. चालीला १० पैकी ७ गुण मिळाले, यावरून पुढे काय करायचे ते कोणालाही समजणार नाही. ‘प्रयत्न चांगला आहे, पण गाण्यात ती जादू नाही’ हा शेरा मी एकाहून अधिक टिपणांत वाचला आहे. त्यात माहिती नाही, मार्गदर्शन नाही, आणि शुल्क घेऊन तो लिहिला जाणे मला अन्यायाचे वाटते. याउलट, ‘दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत मी गोष्टीचा धागा हरवला’ हे वाक्य कितीही कठोर वाटले तरी ते कामाचे आहे, कारण त्यात जागा दाखवलेली आहे. परीक्षक आपले ऐकणे सांगतो की आपली आवड सांगतो, हा फरक टिपणाच्या भाषेत लगेच दिसतो.

एकाच गाण्यावर दोन परीक्षकांची मते परस्परविरोधी येणे ही सभासदांची नेहमीची तक्रार असते. मला त्यात गैर वाटत नाही. एकाला ब्रिज, म्हणजे मुखडा-अंतऱ्यांहून वेगळा असा मधला जोडभाग, अनावश्यक वाटतो, दुसऱ्याला तोच भाग गाण्याचा प्राण वाटतो, तेव्हा दोघांनीही ब्रिजकडेच बोट दाखवलेले असते. त्या भागात काहीतरी ठरायचे राहिले आहे, असा त्याचा अर्थ घ्यावा. टिपणे एकेकटी न वाचता एकत्र ठेवून वाचली, तर आणखी एक गोष्ट दिसते. वेगवेगळ्या गाण्यांवर, वेगवेगळ्या परीक्षकांनी, एकमेकांना न विचारता तोच शेरा दिलेला असतो. तो शेरा गाण्याविषयीचा नसून लिहिणाऱ्याच्या सवयीविषयीचा असतो. आमच्यातील एका गीतकाराच्या टिपणांत मुखड्याची चाल अंतऱ्याच्याच स्वरपट्ट्यात फिरते, वर चढत नाही, असे सतत येत राहिले. कोणत्याही एका गाण्याच्या संदर्भात हा मुद्दा वादाचा होता. सगळी टिपणे शेजारी ठेवल्यावर वादाला जागा उरली नाही. असे दर्शन घडण्यासाठी काही काळ आणि बरीच गाणी लागतात, म्हणून एक-दोन गाणी पाठवून सेवेविषयी मत बनवणे योग्य नव्हे.

विश्वासार्हतेचा प्रश्नही इथे टाळता येत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात मासिकांच्या मागच्या पानांवर ‘तुमच्या कविता पाठवा, आम्ही त्यांना चाल लावतो’ अशा जाहिराती येत असत. पाठवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला त्याची कविता उत्तम असल्याचे कळवले जाई आणि ध्वनिमुद्रणाचे पैसे मागितले जात. अशा रीतीने असंख्य हौशी कवींकडून पैसे घेतले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे गाणे त्यांच्या स्वतःच्या घराबाहेर कधी वाजले नाही. या इतिहासाकडे पाहिले की परीक्षण सेवेचा नकार हा तिच्या सचोटीचा पुरावा ठरतो. जी सेवा प्रत्येक गाण्याची स्तुती करते, पुढच्या टप्प्यासाठी आणखी पैसे मागते, किंवा अभिप्रायाच्या अटींत गाण्याच्या हक्कांचा वाटा मागते, तिच्यापासून दूर राहावे. गाण्याचे हक्क पूर्णपणे गीतकाराकडेच राहतील असे अटींत स्पष्ट लिहिलेले आहे का, हे वर्गणी भरण्यापूर्वीच वाचून घ्यावे. परीक्षक कोण आहेत, त्यांनी पूर्वी कोणते काम केले आहे, हे सेवा निदान सर्वसाधारणपणे सांगते का, तेही पाहावे.

लेखी टिपणाला असलेली एक मर्यादा मात्र सेवेच्या हातातली नाही. लॉस एंजेलिसमध्ये लेन चँडलर आणि जॉन ब्राहेनी यांनी १९७१ साली गीतकारांसाठी सुरू केलेल्या उपक्रमात व्यावसायिक मंडळी सर्वांसमक्ष गाणी ऐकत आणि तिथेच मत देत. अशा बैठकीत दुसऱ्याच्या गाण्यावरचा शेरा ऐकून आपल्या गाण्याविषयी शिकता येते, परीक्षकाचा चेहरा कोणत्या ओळीला बदलला ते दिसते, आणि शंका असेल तर विचारता येते. लेखी टिपण एकतर्फी असते. त्याला उलट प्रश्न करता येत नाही. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठी आम्ही एकमेकांची टिपणे वाचण्याची प्रथा पाडली, आणि कोणत्याही सभासदाने दोन-तीन विश्वासू सहगीतकार जोडून हेच करावे, असे सुचवतो. स्वतःच्या गाण्यावरचा जो शेरा अपमानासारखा लागतो, तोच दुसऱ्याच्या गाण्यावर वाचला की त्यातला मुद्दा चटकन दिसतो.

ही वर्गणी कोणी भरावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे पुरी झालेली, निदान साध्या पण स्वच्छ डेमोच्या रूपात ध्वनिमुद्रित केलेली अनेक गाणी आहेत आणि जो दर महिन्याला नवे काही लिहितो, त्याला ही सेवा पैसे वसूल करून देते. ज्याच्याकडे एक-दोनच गाणी आहेत आणि तीच कुठेतरी लागावीत अशी इच्छा आहे, त्याने ती भरू नये. त्याला केवळ निकाल मिळतील, शिक्षण मिळणार नाही. ज्याचे गाणे अगदी खाजगी आहे आणि ज्यात एक शब्दही बदलायची त्याची तयारी नाही, त्याने ते गाणे पाठवू नये, त्याऐवजी दुसरे पाठवावे. सर्व गाण्यांना परीक्षकाची गरज असतेच असे नाही.

सेवा चालवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती खर्चाचीही नाही. टिपणाच्या नमुन्यात दोन वेगळे रकाने करावेत: ‘या मागणीसाठी का नाही’ आणि ‘गाणे म्हणून काय सुधारता येईल’. दुसरा रकाना कोरा ठेवण्याची मुभा परीक्षकाला असावी आणि तो कोरा असणे ही दाद मानली जावी. पहिल्या रकान्यात मात्र मागणीतील नेमका शब्द उद्धृत करणे बंधनकारक असावे. काही परीक्षक आजही स्वतःहून अशाच दोन परिच्छेदांत लिहितात. त्यांची टिपणे आम्ही वर्षानुवर्षे जपून ठेवली आहेत आणि नवे गाणे पाठवण्यापूर्वी अजूनही वाचतो.